अँथनी गोन्साल्विस नावाचा खरा माणूस

१९७७ साली 'अमर अकबर अँथनी' हा चित्रपट आला आणि 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' हे गाणे वर्ष-दीड वर्षात देशाच्या कानाकोपऱ्यात पोचले. ईस्टरच्या भल्यामोठ्या अंड्यातून उंच काळी टोपी घातलेला अमिताभ बच्चन बाहेर येतो, इंग्रजी शब्दांची न संपणारी फेक करतो आणि मग किशोरकुमारचा आवाज सुरू होतो. भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला, बावनथडी नदीच्या अलीकडे असलेल्या आमच्या बपेऱ्यातही ते गाणे पोचले. नदीच्या पलीकडे मध्य प्रदेश. गावात एकाच ओसरीवर झाडी बोली, पोवारी आणि हिंदी अशा तीन भाषा सुखाने नांदतात, त्यामुळे गाण्यातल्या इंग्रजीचे कुणाला ओझे वाटले नाही. लग्नाच्या वरातीत ते वाजले, गणपतीत वाजले, पोळ्यालाही वाजले.

श्रोतेहो, या अँथनी गोन्साल्विसबद्दल मला आज बोलायचे आहे. पडद्यावरच्या नव्हे, खऱ्या. कारण या नावाचा माणूस खरोखरच होता. तो व्हायोलिन वाजवायचा, शिकवायचा आणि चित्रपटातली गाणी वाद्यवृंदासाठी लिहून द्यायचा. सगळा देश ज्या दिवसांत त्याचे नाव गात होता, त्या दिवसांत तो हयात होता आणि तरीही त्याला ओळखणारे लोक फार थोडे होते.

चित्रपटातल्या त्या पात्राचे आडनाव आधी फर्नांडिस ठरले होते. गीतकार आनंद बक्षी, संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल. यांतल्या प्यारेलाल यांनी सुचवले की फर्नांडिसऐवजी गोन्साल्विस घ्या. अँथनी गोन्साल्विस हे त्यांचे व्हायोलिनचे गुरुजी. प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा स्वतः ट्रम्पेट वाजवीत. त्यांनी मुलाला आठव्या वर्षी या गुरुजींच्या हाती सोपवले होते. राहुलदेव बर्मन यांनीही त्यांच्याकडे धडे घेतले. गुरूला दक्षिणा देण्याच्या पुष्कळ तऱ्हा आपण पुराणात वाचतो, पण कॉमेडी गाण्यात नाव गुंफून दिलेली दक्षिणा ही एकच असावी.

गोन्साल्विस यांचा जन्म १२ जून १९२७ चा. गाव गोव्यातले माजोर्डा, मडगावपासून जवळच. वडील गावच्या चर्चमधल्या गायकवृंदाचे प्रमुख होते. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य. त्या राज्याच्या बऱ्यावाईट गोष्टींची यादी मोठी आहे, पण एक गोष्ट आपल्या आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. प्रत्येक मोठ्या चर्चला जोडून एक शाळा असे आणि त्या शाळेत ख्रिस्ती मुलांना प्रार्थनेसाठी संगीत शिकवले जाई. नुसते गायला नाही, तर वाचायला. पाच ओळींवर ठिपके मांडून लिहिलेले पाश्चात्त्य स्वरलेखन ही मुले अक्षरओळख व्हावी तशी लहानपणीच शिकत. शेतकऱ्याचे पोर, सुताराचे पोर, हातात व्हायोलिन घेऊन समोरचा कागद वाचून वाजवते, हे दृश्य त्या काळी हिंदुस्थानात दुसरीकडे क्वचितच दिसले असते.

याचा अर्थ नीट कळावा म्हणून आमच्याकडचे उदाहरण देतो. आषाढात धानाचा रोवणा सुरू झाला की बांधीत वीस-पंचवीस बाया एका रांगेत वाकून रोपे लावतात आणि गातात. अर्ध्या बाया एक ओळ म्हणतात, अर्ध्या ती उचलतात. गळे पंचवीस, पण चाल एकच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाला शेकडो माणसे बसली तरी चाल एकच. आपले सगळे संगीत, अगदी किराणा घराण्याच्या ख्यालापर्यंत, असे एका चालीचे आहे. खाली तंबोऱ्याचा षड्ज स्थिर, वर एक धून. पाश्चात्त्य संगीतात मात्र पंचवीस बायांच्या पाच टोळ्या पाच वेगवेगळ्या चाली एकाच वेळी म्हणतात आणि त्या एकमेकींत बसतात. असे बसायचे तर आधी कुणीतरी कागदावर मांडून ठेवायला हवे. पाठांतराने ते जमत नाही. म्हणून तिथे लिहिणारा माणूस लागतो, आणि वाचणारे वादक लागतात.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीला नेमके हेच दोघे हवे होते.

१९४३ मध्ये गोन्साल्विस मुंबईला आले आणि संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. वय सोळा. त्या वेळी चित्रपटाचे गाणे कसे तयार होई, ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्याकडे गाण्याचा कर्ता म्हणजे संगीत-दिग्दर्शक, एवढेच आपण जाणतो. संगीत-दिग्दर्शक पेटी घेऊन बसायचा. गीतकार, निर्माता, एखादा तबलावादक समोर. याला 'सिटिंग' म्हणत. तिथे मुखडा ठरे, अंतऱ्याची चाल ठरे. पण गाणे म्हणजे तेवढेच नव्हे. मुखड्याआधी वाजणारे संगीत, दोन अंतऱ्यांच्या मधले तुकडे, गायिकेच्या आवाजामागे हळूच सरकणारी व्हायोलिनची ओळ, तिला बासरीने दिलेले उत्तर, शेवटची मिटवण, हे सगळे राहिलेच. ते रचून, वीस-तीस वादकांसाठी वेगवेगळे कागद लिहून, स्टुडिओत प्रत्येकाच्या स्टँडवर ठेवायचे काम 'अरेंजर'चे. हा अरेंजर बहुतेक वेळा गोव्याचा असे. पुष्कळ संगीत-दिग्दर्शकांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येत नसे आणि पुष्कळ गोवेकर वादकांना रागाची नावे ठाऊक नसत. दोघांच्या मध्ये अरेंजर दुभाष्यासारखा उभा. एकाने गुणगुणायचे, त्याने उतरवून घ्यायचे आणि दुसऱ्यांकडून वाजवून घ्यायचे.

हे काम करणारे गोन्साल्विस एकटे नव्हते. लाहोरच्या हॉटेलात फाळणीपूर्वी बँड चालवणारे आणि नंतर शंकर-जयकिशन यांच्याकडे वर्षानुवर्षे काम केलेले सेबॅस्टियन डिसोझा, ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या टोपणनावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ, अशी मोठी रांग आहे. यांतल्या चिक चॉकलेटपाशी थोडे थांबू, कारण जॅझ तिथून येते.

जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेले संगीत. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबे, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे अमेरिकी काळे कलावंत येऊन वाजवू लागले. आपल्या देशात रंगामुळे मागच्या दाराने जावे लागणाऱ्या या कलावंतांना मुंबईत मान होता, पैसा होता. त्यांच्या शेजारी बसून, त्यांचे ऐकून गोव्याचे वादक जॅझ शिकले. जॅझमध्ये मूळ धून एकदा वाजवली की पुढे वादकाने ऐनवेळी सुचेल तसा विस्तार करायचा असतो. म्हणजे आपल्या आलाप-तानांची चुलत बहीणच म्हणायची. फरक इतकाच की आपला गवई स्थिर षड्जावर उभा राहून विस्तार करतो, आणि जॅझवाल्याच्या पायाखालची स्वरांची जमीन दर दोन-चार मात्रांनी सरकत असते. अल्दोना गावच्या या चिक चॉकलेटला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

पुढे इंग्रज गेले, त्यांचे नाचाचे जलसे ओसरले. मुंबईत दारूबंदी आली. हॉटेलातले बँड एकेक करून आटले आणि ते वादक पोटासाठी चित्रपटांच्या स्टुडिओकडे वळले. तिथे चिक चॉकलेटला सी. रामचंद्र भेटले. पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर. त्यांचे गाण्याचे शिक्षण काही काळ आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले होते, हे विदर्भातल्या श्रोत्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. नागपुरात स्वरज्ञान घेतलेला मराठी माणूस आणि ताजमध्ये तयार झालेला गोवेकर ट्रम्पेटवाला, यांनी मिळून १९५१ च्या 'अलबेला'त जे केले, ते अजून शिळे झालेले नाही. त्यातल्या एका गाण्यात भगवानदादा आणि गीता बाली नाचतात तेव्हा मागे वाजवणारा बँड खराच आहे, आणि त्यात स्वतः चिक चॉकलेट आहेत. पडद्यावर तोंड दिसण्याचे भाग्य अरेंजरच्या वाट्याला एवढेच. १९५७ च्या 'आशा'तल्या 'ईना मीना डीका'मध्ये तर दोन कोकणी शब्दही घुसले आहेत आणि सबंध देश ते निरर्थक शब्द समजून गात आला.

आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तुमसरच्या एका बँड पार्टीत क्लॅरोनेट वाजवत. इंग्रजांच्या पलटणीबरोबर आलेली ही वाद्ये लग्नाच्या वरातीत शिरली आणि आमच्या भागात सनईच्या बरोबरीने घरची झाली. मोठ्या बाबांना स्वरलेखन येत नव्हते. सगळे रेडिओवरून ऐकून, बोटांवर बसवलेले. वरातीत नवा पोरगा नुसती गाण्याची चाल वाजवून मिरवू लागला की ते म्हणत, "गाणं त कोनीबी म्हनते. मधला पीस वाजवून दाखव." गाण्याच्या मधला जो वाद्यांचा तुकडा, त्याला बँडवाले 'पीस' म्हणतात. तो हुबेहूब वाजला तर नवरदेवाकडची मंडळी दहा-दहाच्या नोटा ओवाळत. क्लॅरोनेटवाल्याची इज्जत पीसवर ठरे, मुखड्यावर नाही.

आता गंमत पाहा. ज्या पीसवर आमच्या मोठ्या बाबांची इज्जत ठरत होती, तो कुणी रचला, हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. रेडिओवर गाणे लागले की निवेदक तीन नावे सांगतो. गायक, गीतकार, संगीतकार. तबकडीच्या गोल कागदावरही तेवढीच. पडद्यावरच्या नामावळीत कधी 'सहायक' म्हणून एक ओळ सरकून जाई, कधी तीही नसे. कागद लिहिणाऱ्याला कामाचे पैसे मिळत, गाणे हजार वेळा वाजले तरी त्यातला वाटा मिळत नसे. लिहिलेले कागद ध्वनिमुद्रण झाले की निरुपयोगी. पुष्कळसे रद्दीत गेले.

पैसे आणि नाव यांची ही तक्रार जवळपास सगळ्याच अरेंजर मंडळींची आहे. गोन्साल्विस यांची गोष्ट मला वेगळी वाटते ती पुढच्या भागामुळे.

मुंबईत आल्यावर या माणसाला रागसंगीताची ओढ लागली. गरजेपुरती नव्हे. सारंगीवादक पंडित रामनारायण यांच्यासारख्यांकडे जाऊन त्यांनी रीतसर शिकायला सुरुवात केली. माजोर्ड्याच्या चर्चमध्ये वाढलेला, बाख आणि बीथोव्हेनची शिस्त असलेला व्हायोलिनवादक मुलतानी आणि सारंग समजून घेऊ लागला, आणि त्याच्या डोक्यात एक प्रश्न शिरला. राग हा सिंफनीच्या वाद्यवृंदाला वाजवता येईल का? म्हणजे शंभर वादकांनी एकच धून एकदम वाजवायची असे नाही. अनेक सूर एका वेळी, तरीही राग तोच.

हा प्रश्न वरवर सोपा वाटतो, पण मोठा अवघड आहे. वृंदावनी सारंगाचे उदाहरण घेऊ. आमच्याकडच्या वैशाखातल्या दुपारीसारखा भर दुपारचा राग. त्यात गंधार आणि धैवत वर्ज्य. पाश्चात्त्य पद्धतीत षड्जावर स्वरांची जुळणी करायची तर पहिली, सर्वांत साधी जुळणी म्हणजे सा, ग, प. पण ग तर सारंगात चालतच नाही! तो लावला की सारंग मेला. मध्यमावर जुळणी करायला जावे तर म, ध, सा. तिथे धैवत आडवा येतो. म्हणजे पाश्चात्त्य स्वरसंवादाच्या घराचे पहिले दोन खांबच सारंगाच्या अंगणात उभे राहत नाहीत. मग काय करायचे? एक वाट अशी की रागातल्याच स्वरांतून वेगळ्या जुळण्या शोधायच्या, सा-म-नी, रे-प-सा अशा. त्या कानाला थोड्या मोकळ्या, पोकळ लागतात, पण रागाला धक्का लावत नाहीत. दुसरी वाट अशी की जुळण्या सोडून द्यायच्या आणि एकाच रागातल्या दोन-तीन चाली एकमेकींच्या पाठशिवणीला लावायच्या. त्यात भर मिंडेची. एका व्हायोलिनला रिषभावरून मध्यमावर घसरत जाणे सोपे. तीस व्हायोलिनना एकाच वेगाने, एकाच क्षणी घसरवायचे तर गजाची दिशा, बोट, वेळ, सगळे लिहून द्यावे लागते, आणि पाच ओळींच्या त्या लिपीत मिंडेसाठी फार तर एक तिरकी रेघ आहे.

असे करू नये, असे म्हणणारी मंडळीही होती आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. रागाचे सौंदर्य दोन स्वरांमधल्या वाटेत असते, त्यावर दुसऱ्या स्वरांची गर्दी केली की ती वाट बुजते, असा तो विचार आहे. माझा स्वतःचा कान खयालावर पोसलेला असल्यामुळे मला तो पटतोही. पण प्रयोग करण्याचा अधिकार ज्याला दोन्ही बाजू शिकण्याचे कष्ट परवडले त्याला असतो, आणि गोन्साल्विस यांनी ते कष्ट केले होते. रागाचे नाव देऊन दोन झणझणीत सूर वाजवणाऱ्यांपैकी ते नव्हते.

१९५० चे दशक याच खटपटीत गेले. दिवसा स्टुडिओ. 'महल' (१९४९), 'नया दौर' (१९५७), 'प्यासा' (१९५७) अशा चित्रपटांच्या संगीतात त्यांचा हात आहे. बाकीच्या वेळात शिकवणे आणि स्वतःचे लेखन. 'सोनातिना इंडियाना' ही एक रचना. सारंग रागातला कॉन्चेर्तो ही दुसरी. कॉन्चेर्तो म्हणजे एका बाजूला एकच मुख्य वाद्य आणि दुसऱ्या बाजूला सगळा ताफा, यांचा संवाद. आपल्या सवाल-जबाबाची आठवण व्हावी असा.

आणि मग एप्रिल १९५८. गोन्साल्विस यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या दगडी इमारतींमधल्या चौकात त्याचा जलसा झाला. वादक एकशे दहा. बहुतेक चित्रपटांच्या स्टुडिओत रोज बसणारे. एकल गायनासाठी लता मंगेशकर आणि मन्ना डे. गोन्साल्विस यांचे वय तेव्हा तीस.

या तारखेचे मोल कळायला मागे-पुढे थोडे पाहावे लागते. मुंबईत पाश्चात्त्य वाद्यवृंद आधीही होता. झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापला होता, पण तो वाजवी युरोपचे संगीत. दिल्लीत आकाशवाणीने १९५२ मध्ये 'वाद्यवृंद' नावाचा आपला राष्ट्रीय वाद्यमेळ सुरू केला. पंडित रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर त्याचे संचालक. नभोवाणीमंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले मराठी गृहस्थ. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा इतकी की त्याच वर्षी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद झाले. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले आणि बिनाका गीतमाला ऐकू लागले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून ती मंडळी परत आणावी लागली. असो. सांगायचा मुद्दा असा की सरकार एकीकडे देशी वाद्यांचा मेळ घडवत होते आणि चित्रपटसंगीताला दाराबाहेर ठेवत होते. पण सतार-सरोदवाल्यांबरोबर बसून, राग ऐकून, तो कागदावर आणायचा सर्वांत जास्त सराव असलेले लोक त्याच दाराबाहेर उभे होते. त्यांच्याकडे वाद्यवृंद होता, वाचन होते, जॅझवाल्यांची लवचीक लय होती, आणि रोज वेगवेगळ्या रागांतल्या चाली बसवण्याची सवय होती. गोन्साल्विस यांनी त्यांनाच एकत्र केले.

आता पुढे पाहा. पंडित रविशंकर यांचा सतारीचा पहिला कॉन्चेर्तो लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनाखाली वाजवला तो १९७१ मध्ये. कोलकात्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांची 'इंडो-जॅझ स्वीट' ही तबकडी लंडनमध्ये १९६६ ची. या दोन्हींवर पुष्कळ लिहिले गेले आहे, लिहायलाही हवे. झेवियर्सच्या चौकातला जलसा त्यांच्याआधीचा. पण त्याच्यामागे लंडनची तबकडी कंपनी नव्हती. आणि जे संगीत तबकडीवर राहत नाही, ते इतिहासात राहणे कठीण.

हा वाद्यवृंद फार काळ टिकला नाही. माझ्या मते त्याचे कारण संगीतात नव्हते, हिशेबात होते. एकशे दहा वादक म्हणजे एकशे दहा घरे. स्टुडिओत एक पाळी वाजवली की संध्याकाळी पैसे हातात पडत. सिंफनीच्या तालमीला बसायचे तर ती पाळी बुडते. युरोपात हा खर्च आधी राजे-सरदारांनी, मग नगरपालिकांनी आणि सरकारांनी उचलला. इथे संस्थानिकांचे दिवस संपलेले, सरकार स्वतःच्या मेळात गुंतलेले, आणि चित्रपटाच्या निर्मात्याला त्याचे काय? त्याला तीन मिनिटांचे गाणे हवे. रागाची सिंफनी वीस मिनिटे चालते आणि तिच्यात नायिका नाचत नाही.

१९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात त्यांना संधी मिळाली होती. तिथल्या रचनाकारांच्या संघटनेचे ते सभासदही झाले. म्हणजे नावापुढे 'रचनाकार' असा शब्द लावणारे कागद त्यांना मिळाले ते तिकडे. परत आल्यावर ते चित्रपटसृष्टीत पुन्हा रमले नाहीत. माजोर्ड्याला जाऊन राहिले.

ते बाजूला झाले तरी त्यांच्यासारख्यांनी मळलेली वाट चालू राहिली. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांची 'रागा-जॅझ स्टाइल' ही तबकडी आली. अकरा राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, तबल्यावर रमाकांत म्हापसेकर. नावे नुसती ओळीने वाचली तरी लक्षात येते की मुंबईच्या स्टुडिओत कोण कोण शेजारी बसत होते. तोडी सुरू होते आणि खाली जॅझचा ठेका धरतो. मला त्यातले सगळे आवडते असे नाही. काही राग घाईने उरकल्यासारखे वाटतात. पण या तबकडीवर वादकांना स्वतःचे संगीत म्हणून वाजवायला मिळाले आहे, कुणाच्या आवाजामागे नव्हे, आणि ते ऐकताना जाणवते. दुसरीकडे प्यारेलाल. 'पारसमणी' (१९६३) पासून लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यांत व्हायोलिनचा जो मोठा ताफा ऐकू येतो, त्याची बैठक गुरूंकडची आहे. प्यारेलाल यांना २०२४ मध्ये पद्मभूषण मिळाले.

खुद्द गोन्साल्विस यांच्याकडे लोकांचे लक्ष गेले ते फार उशिरा. चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी इंग्रजीत त्यांच्यावर लिहिले आणि मुंबईतल्या जॅझवर सबंध पुस्तक केले. तोवर बरोबरचे बरेच वादक जाऊन चुकले होते. चिक चॉकलेट १९६७ मध्येच गेले, सेबॅस्टियन डिसोझा १९९८ मध्ये, फ्रँक फर्नांड २००७ मध्ये. गोन्साल्विस १८ जानेवारी २०१२ रोजी गोव्यात वारले. वर्तमानपत्रांनी बातमीच्या मथळ्यात चित्रपटाच्या गाण्याचा उल्लेख केला. दुसरे करणार तरी काय? वाचकाला ओळख पटवून द्यायला तेच एक साधन होते.

श्रोत्यांपैकी कुणाला त्यांचे काम ऐकायचे असेल तर 'प्यासा'तले 'हम आप की आँखों में' हे गाणे मिळवून ऐकावे. धुक्यात बुडालेला जिना, गुरुदत्त आणि माला सिन्हा, असे ते स्वप्नदृश्य आहे. पडद्याकडे पाहू नका, शक्य असेल तर डोळे मिटा. एकदा गाणे गाण्यासारखे ऐका. दुसऱ्यांदा आवाज सोडून द्या आणि त्यामागे काय चालले आहे तेवढेच ऐका. व्हायोलिन कुठे आवाजाच्या बरोबर चालतात, कुठे वाट सोडून वेगळेच काही बोलतात आणि ओळ संपायच्या आत परत येतात, ते पाहा. माझ्या विनंतीवरून या भाषणानंतर तेच गाणे लावायचे ठरले आहे. गायक गीता दत्त आणि मोहम्मद रफी, गीतकार साहिर लुधियानवी, संगीत सचिनदेव बर्मन, वाद्यवृंद-संयोजन अँथनी गोन्साल्विस.